समेटाला आधी कोणी जायचं? (नगरचं घर, दादा आणि मी)

भिंगारवाला (रविवार, रात्री १०:५२)

सलाम मंडळी. दोनेक वर्षं नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती घर, सध्या नोकरीमुळे चिंचवडला. आम्ही तिघं भावंडं. दादा, मग ताई, मग मी. वडील २०१७ ला गेले, आई २०२२ च्या पावसाळ्यात. शेवटची चार वर्षं आई दादाकडेच होती, नगरच्या घरात. मी महिन्याला कधी ५ कधी ८ हजार पाठवायचो आणि दीड-दोन महिन्यांतून एक चक्कर. उठवणं बसवणं, डायपर, रात्रीचं जागरण सगळं दादा-वहिनीनं केलं. हे मला मान्य आहे, आधीच लिहून टाकतो म्हणजे प्रतिसादात कोणी सुनवायला नको.

आई गेली, तिची स्मरण-उपासना झाली आणि त्याच रात्री मी आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. ३४ माणसं आहेत त्यात, चुलते, आत्या, मावस, मामे सगळे. काय लिहिलं तर "दादा, मी पाठवलेल्या पैशांचा आणि आईच्या पाटल्यांचा हिशोब एकदा इथे टाक म्हणजे सगळ्यांना क्लिअर होईल." टाकला आणि झोपलो. सकाळी बघतो तर दादा ग्रुप सोडून गेलेला आणि ताईचे सहा मिस्ड कॉल.

तेव्हापासून बोलणं बंद, तीन वर्षं होत आली. मधे पुतण्याचा साखरपुडा झाला त्याची पत्रिका मला पोस्टानं आली. पोस्टानं! एकशेवीस किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला.

आता आजचं. आज आमच्याकडे प्रभुभोजनाचा (भाकर-द्राक्षरस घ्यायचा) रविवार होता आणि पाळकसाहेबांनी वाचायला घेतलं बायबलमधलं मत्तय ५, वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. शंभर वेळा ऐकलेलं वचन आहे, लहानपणी संडे स्कूलला तोंडपाठ म्हणून कंपासपेटी मिळालेली, पण आज भाकर घ्यायला उठताच येईना. बाकावर बसून राहिलो. शेजारच्या आजींनी कोपरानं ढोसलं, बायको वळून बघतेय, मी आपला गीतांच्या पुस्तकात डोकं घालून.

प्रश्न असा की चूक दोघांची आहे (पाटल्यांचं अजूनही कोणी काही सांगितलेलं नाही), तर आधी मीच का जायचं? आणि जायचं तर बोलायचं काय? "झालं गेलं विसरून जा" म्हणायला गेलो आणि त्यानं दारातनंच परत पाठवलं तर?

खवचट_खंडू (रविवार, रात्री ११:१५)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धर्मग्रंथात सगळंच छान असतं हो, प्रत्यक्षात चर्चच्या कमिट्यांचेच वाद कोर्टात वर्षानुवर्षं चाललेत ना, त्यांनी का नाही दान वेदीवर ठेवलं?

सोलापुरी_चादर (रविवार, रात्री ११:३१)

खंडूराव, टोमणा बसला, मान्य. मी स्वतः मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीत सहा वर्षं काढली आहेत, तुम्ही म्हणता त्यापेक्षा वाईट आहे.

भिंगारवाले, तुम्हाला एकच सांगतो, कृपा करून हा विषय घरप्रार्थनेत मांडू नका. आमच्याकडे भांडण पसरायचा सगळ्यात फास्ट मार्ग म्हणजे "प्रार्थनेचा विषय". चुगली केली तर पाप लागतं म्हणून लोक डोळे मिटून करतात. "प्रभू, आमच्या अमक्या बहिणीला नम्र कर, तिच्या जिभेवर पहारा ठेव", आणि आमेन म्हणेपर्यंत बारा घरांना कळलेलं असतं की सासू-सुनेचं वाजलंय. माझ्या सख्ख्या चुलतीचं न् तिच्या सुनेचं असंच झालं. भांडण होतं कुकरच्या शिट्टीवरून, सून दोन शिट्ट्यांत गॅस बंद करते आणि हिला डाळ गाळ शिजलेली लागते. आठवड्याभरात लोक सुनेला येऊन "धीर धर हं" म्हणायला लागले, ती बिचारी विचारते कशाबद्दल?

निवृत्त_मास्तर (सोमवार, सकाळी ६:०८)

बाबा रे, सलाम. वाचून झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठल्या उठल्या टंकतोय, टायपो दुर्लक्षित करावेत.

पहिली गोष्ट. तू जे वचन ऐकलंस ते नीट वाच. "तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर" असं नाहीये ते. "भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे" असं आहे. म्हणजे तुला आठवलेली तक्रार त्याची आहे. पाटल्यांचा प्रश्न तुझा, ग्रुपवरच्या मेसेजचं दुखणं त्याचं. त्या बाकावर तुला आठवलं ते त्याचं दुखणं, म्हणून उठता आलं नाही. आता दुसरीकडे मत्तय १८:१५ मधे उलटं आहे, तिथे भावानं अपराध केलाय, तरी जायचं कोणी, तर ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानंच. दोन्ही एकत्र वाच म्हणजे तुझ्या "आधी मीच का" ला उत्तर मिळतं, ज्याला आठवलं त्यानं निघायचं. दोघांना एकदम आठवलं तर सुप्याच्या आसपास कुठेतरी गाठ पडेल.

दुसरी गोष्ट, जी मी वर्गात पोरांना नकाशा काढून सांगायचो. हे डोंगरावरचं प्रवचन आहे गालीलातलं, ऐकणारे बरेचसे त्याच भागातले शेतकरी, कोळी. आणि वेदी कुठे, तर यरुशलेमेत. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. म्हणजे माणूस चार दिवस चालून देवळात पोचलाय, कोकरू किंवा पारव्यांची जोडी हातात आहे, आणि येशू म्हणतो ते तिथेच सोड, परत गावी जा, भावाशी बोल, मग परत ये. आठवड्याभराची पायपीट! ऐकणारे हसले असतील बहुतेक. तू स्वतःच लिहिलंयस की दादा १२० किलोमीटरवर आहे. तुला तर शिवाजीनगरहून एसटी आहे.

तिसरी गोष्ट कडू आहे. १८:१५ ते १७ मधे क्रम सांगितलाय. आधी तू आणि तो, दोघंच, एकांतात. नाही ऐकलं तर एक-दोन जण सोबत. तरीही नाही तर मंडळीला सांग. तू काय केलंस, तिसऱ्या पायरीपासून सुरुवात केलीस. ३४ जणांच्या मंडळीला सांगून मोकळा झालास आणि पहिली पायरी अजून चढायचीच आहे. हिशोब मागणं गैर नव्हतं रे. मागायची जागा चुकली.

वसईची_बाय (सोमवार, सकाळी ९:४०)

मास्तर, किती छान लिहिता तुम्ही. ते अंतराचं आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही.

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे दर मिस्साला कम्युनियनच्या आधी शांती द्यायची असते, शेजारी-पाजारी वळून हात जोडायचे. आता गंमत बघा, माझी मावशी आणि तिची शेजारीण यांचं कुंपणावरून भांडण. कुंपणाला लागून राजेळी केळी लावलेल्या, घड वाकला एकीच्या वाडीत, बुंधा दुसरीच्या वाडीत, तर घड कोणाचा? मावशी सुकेळी (सुकवलेली केळी) करायची, एक घड म्हणजे काही कमी नाही. त्या एका घडावरून अकरा वर्षं अबोला. चर्चमधे एक डावीकडे बसायची एक उजवीकडे, आणि शांती द्यायची वेळ आली की मावशी पुढे वळायची, मागे वळायची, पार खांबापाशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला पण हात जोडायची, फक्त उजवीकडे मान फिरायची नाही. आम्ही पोरं मुद्दाम बघायचो.

कसं मिटलं तर ती कुमसारला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) गेली, उपवासकाळ होता, आणि बाहेर येऊन आम्हाला स्वतःच चिडून सांगायला लागली, की मी फादरना तिचं सगळं सांगितलं आणि ते म्हणाले, बाई, हे तिचं कुमसार झालं, आता तुझं सांग. घरी येईपर्यंत धुसफुसत होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी सुकेळीची पुडी घेऊन गेली. मिठी नाही, रडारड नाही, पुडी दिली, पाणी प्यायली, आली. बुंधा अजून तिथेच आहे म्हणा, घडाचं पण काही ठरलं नाही. पण आता दोघी एकाच रिक्षानं चर्चला जातात.

स्वाती_कोथरूड (सोमवार, दुपारी १:२२)

मी ख्रिश्चन नाही, उत्सुकतेनं वाचतेय. कुसळ-मुसळ वाली म्हण मला आपल्या आजीचीच वाटायची, बायबलमधे तेच आहे हे कॉलेजात कळलं तेव्हा गंमत वाटलेली. आमच्याकडे संक्रांतीला तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात, माझ्या जैन मैत्रिणी पर्युषणानंतर "मिच्छामि दुक्कडम्" म्हणून सगळ्यांची माफी मागतात, व्हॉट्सॲप फॉरवर्डनं का होईना. तर माणसाला वर्षातून एकदा तरी ढकलायला काहीतरी लागतं बहुतेक.

पण मला एक खटकतं, आणि हे खोचक म्हणून नाही खरंच विचारतेय. हे "क्षमा कर, सात वेळा नाही सत्तर गुणिले सात वेळा" प्रकरण बाईच्या बाबतीत कसं लावायचं? नवरा मारतोय, आणि चार वडीलधारे सांगतायत क्षमा कर. मग?

आडनाव_नको (सोमवार, दुपारी ३:०५)

स्वाती, याचं उत्तर मी देते. दुसऱ्या आयडीनं लिहितेय.

मला असंच सांगितलं होतं. मंडळीतल्या एका मोठ्या माणसानं, कुठल्या ते जाऊ दे. क्षमा कर, घरी परत जा, प्रार्थना कर, तो बदलेल. मी दोनदा परत गेले. तिसऱ्यांदा कानाचा पडदा फाटला तेव्हा बहीण मला रिक्षात घालून आधी दवाखान्यात आणि तिथून पोलीस ठाण्यात घेऊन गेली. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, हे मला तिथे कळलं. १८१ ला फोन करता येतो हे पण.

मास्तरांनी पायऱ्या सांगितल्या ना, त्यातली पहिली "दोघंच एकांतात" ही मारणाऱ्या माणसासाठी लावू नका. एकांत हीच तर त्याची जागा असते. माझ्या मनात आता त्याच्याविषयी राग नाही, खरंच नाही, मुलाला मी बापाविषयी वाईट बोलत नाही. पण घराची किल्ली त्याच्याकडे नाही आणि असणार पण नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही आता.

बाकी भिंगारवाले, तुमची केस वेगळी आहे. तुम्ही जा.

निवृत्त_मास्तर (सोमवार, दुपारी ४:४७)

बाई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी बराच वेळ नुसता बसलो. आमच्या पिढीनं असे सल्ले दिलेले आहेत. मी पण एकदा दिलाय, १९८८-८९ सालची गोष्ट, आजही ती मुलगी डोळ्यासमोर येते. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि ते मी आधीच्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.

ज्या अध्यायात सत्तर गुणिले सात आहे त्याच अध्यायात आधी काय आहे बघा, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं. म्हणजे दुखावलेल्याला गप्प बसवायला तो अध्याय नाहीच आहे. आणि पुढे जो दाखला येतो, राजानं चाकराचं कर्ज सोडलं आणि त्या चाकरानं सोबत्याची मानगूट धरली, त्यातली रक्कम कोणी मोजत नाही. चाकराचं कर्ज दहा हजार तालांत, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. गुणाकार करा, सहा कोटी दिवस होतात. ते कोणी फेडू शकत नाही. पण सोबत्याचं देणं किती, १०० दिनार. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, आपल्या रोजगार हमीला जसे १०० दिवस धरायचे तसे. गरीब माणसाचे तीन-साडेतीन महिने, ही काय चिल्लर नाही! येशू असं म्हणत नाही की तुझं दुखणं छोटं आहे सोडून दे. दुखणं खरंच मोठं आहे हे धरूनच तो पुढचं बोलतो. पुष्कळ प्रवचनांत हे १०० दिनार "क्षुल्लक" म्हणून उडवतात, मी पण उडवत असे.

मेलबर्नची_सून (सोमवार, संध्याकाळी ५:५०)

धागा आवडला. थोडं अवांतर, नवरा-बायकोचं. लग्न झाल्यावर मला माहेरून शिकवण मिळालेली की बायबलमधलं इफिस ४:२६, रागात असताना सूर्य मावळू नये, म्हणजे भांडण मिटवल्याशिवाय झोपायचं नाही. आम्ही दोघांनी ते इतकं मनावर घेतलं की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडायचो. दोघंही हॉस्पिटलच्या शिफ्टवाले, झोप नाही, आणि विषय सुरू झाला डिशवॉशर कोणी लावायचा यावरून तो २०१४ ला तुझी आई काय बोलली होती इथपर्यंत. (इथे उन्हाळ्यात सूर्य पावणेनऊला मावळतो, तेवढंच काय ते एक्स्ट्रा मिळतं.)

मग इथल्या मराठी प्रार्थनागटातल्या एका काकूंनी सांगितलं, अगं त्यात मिटवा असं कुठंय, राग उशाशी घेऊन झोपू नका एवढंच आहे. तेव्हापासून आमचा नियम असा की साडेदहानंतर नवीन मुद्दा काढायचा नाही, "हे शनिवारी सकाळी चहाला बोलू" एवढं तोंडानं म्हणायचं आणि झोपायचं. निम्म्या वेळा शनिवारी आठवतच नाही काय होतं ते. उरलेल्या निम्म्या वेळा आठवतं आणि बोलतो, ते जड जातं, पण ओरडून नसतं.

खवचट_खंडू (सोमवार, रात्री ९:१२)

पॉपकॉर्न ठेवला बाजूला. पण भिंगारवाल्यांच्या पाटल्यांचं काय? सगळे भावनेत वाहताय, मूळ वाद प्रॉपर्टीचा आहे. घर कोणाच्या नावावर?

भिंगारवाला (सोमवार, रात्री ९:४४)

घर वडिलांच्याच नावावर आहे अजून. मृत्युपत्र कोणाचंच नाही, ना वडिलांचं ना आईचं. ताई वाशीला असते, तिनं आजवर काही मागितलेलं नाही.

काळा_कोट (सोमवार, रात्री १०:३०)

वकील म्हणून थोडं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागतो, हिंदू कायदा नाही, त्यामुळे "वडिलोपार्जित, जन्मानं हक्क" वगैरे गोष्टी तुमच्याकडे नाहीत. वडिलांच्या मागे विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांमधे समान, मुलगा-मुलगी फरक नाही. म्हणजे २०१७ ला आईला १/३ आणि तुम्हा तिघांना प्रत्येकी २/९. मग आई गेली, तिचा १/३ तिघांत सारखा, प्रत्येकी १/९. बेरीज करा, तिघांना बरोब्बर एकेक तृतीयांश. मागितलं नाही म्हणून ताईचा हिस्सा कमी होत नाही, आणि दादानं सेवा केली म्हणून कायद्यानं आपोआप जास्त मिळत नाही. ते तुम्ही दोघांनी आपणहून द्यायचं असेल तर हक्कसोडपत्र करून देता येतं, रजिस्टर करून.

माझा अनुभव असा की वाटपाचा दावा लावणारे निम्मे लोक जमिनीसाठी आलेलेच नसतात. कुठेतरी चारचौघांत अपमान झालेला असतो. कोर्टात मध्यस्थी केंद्र असतं, तिथे दोघांना समोरासमोर बसवलं की पहिला अर्धा तास फक्त "त्या दिवशी तू मला असं म्हणालास" हेच चालतं, सातबारा नंतर निघतो. बायबलमधे पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात झापलं होतं ना भाऊ भावावर फिर्याद करतो म्हणून, माझ्या धंद्याच्या विरोधात आहे पण दावा लावायच्या आधी जाऊन या.

स्वाती_कोथरूड (मंगळवार, सकाळी ११:०२)

नगरचा विषय आहे म्हणून, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आठवलं. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, बायकोला कळलं तेव्हा केवढा आकांत. मग चार-पाच वर्षं वेगळे. त्या नगरला आल्या तरी लगेच एका ताटात जेवल्या असं नाही, आपलं सोवळं, स्वयंपाक वेगळा ठेवूनच राहिल्या आधी. १९०० मधे त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मला त्यातलं सगळ्यात भावतं ते हे, की दोघांत कोणी जिंकलं असं त्या कुठे लिहीत नाहीत. टिळकांच्या रागाचं पण हसत हसत लिहितात.

निवृत्त_मास्तर (मंगळवार, दुपारी १२:१५)

अगदी. आणि एकत्र यायचं म्हणजे लगेच एका छताखाली असंही नाही. बायबलमधल्या याकोब आणि एसाव या भांडलेल्या भावांचं बघा. वीस वर्षांनी भेटले, गळ्यात पडून रडले, आणि एसाव म्हणतो चल माझ्यासोबत सेईरला. याकोब म्हणतो तुम्ही व्हा पुढे, पोरं लहान आहेत, गुरं दमलीत, मी येतो सावकाश. आणि गेला दुसरीकडेच, सुक्कोथला! पौल आणि त्याचा जोडीदार बर्णबा यांचं तर इतकं वाजलं की बर्णबा जहाजानं सायप्रसला गेला आणि पौल दुसऱ्या दिशेला सिरियाकडे, तेही मार्क नावाच्या पोरावरून, आणि म्हातारपणी पौल तुरुंगातून लिहितो की येताना मार्काला घेऊन ये, तो उपयोगाचा आहे. बर्णबाशी समेट झाला की नाही ते लिहिलेलंच नाही.

भिंगारवाले, फोन नको करूस. जा. आणि दारात "झालं गेलं विसरून जा" म्हणू नकोस, ते ज्याला लागलंय त्यानं म्हणायचं असतं. तुझं काय चुकलं ते एका वाक्यात सांग, "पण" न लावता. पाटल्या त्या दिवशी खिशात ठेव.

सोलापुरी_चादर (मंगळवार, दुपारी १२:४०)

"पण न लावता" ला +१. आमच्या घरात माफी म्हणजे पणच्या आधीचे चार शब्द असतात.

भिंगारवाला (शनिवार, रात्री ११:२०)

जाऊन आलो. लिहू का नको करत होतो, पण तुम्ही इतकं लिहिलंत.

बायकोला पण नेलं नाही, एकटाच गेलो, एसटीनं. पूर्ण रस्ताभर वाक्य पाठ करत होतो. घरापाशी पोचलो तर दादा अंगणात, मोटारीचा पाइप धरून पेरूला पाणी घालत होता. पाठमोरा. मी फाटक उघडून आत आलो, त्यानं वळून पाहिलं, तीन वर्षांनी पहिल्यांदा, आणि म्हणाला, "फाटक लाव, शेळ्या येतात."

लावलं. मग तो परत पाणीच घालत बसला. मी वहाणा काढून पायरीवर उभा. वहिनी आतून आली, मला बघून तशीच आत गेली आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. मी पाठ केलेलं वाक्य विसरलो, जे आलं ते म्हणालो, की दादा, मी सगळ्यांसमोर तुला चोर ठरवलं, ते चुकलं माझं. "पण" तोंडाशी आला होता, मास्तर, खरं सांगतो, गिळला.

त्यानं पाइप खाली टाकला, आत गेला आणि एक दोनशे पानी वही आणून माझ्या हातात दिली. आईचं सगळं लिहिलेलं. औषधं, डायपरचे पुडे, ऑक्सिजनचं भाडं, दवाखान्याला रिक्षा ६० रुपये, माझे आलेले पैसे तारखेसकट. एका पानावर "पाटल्या, ताईकडे, आईच्या सांगण्यावरून, लेकीच्या लग्नाला" आणि खाली आईचा अंगठा नव्हे, सही, वाकडीतिकडी. म्हणजे मी ज्या दिवशी ग्रुपवर विचारलं त्या दिवशी हे तयार होतं. ताईला पण माहीत होतं. तिनं ते सहा मिस्ड कॉल कशासाठी केले होते ते मला आत्ता कळतंय, मी त्या दिवशी उचललेच नाहीत.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणतो, "घरी येऊन विचारलं असतंस तर चहा पिताना दाखवली असती. तिथे कशाला टाकू, आईच्या डायपरचा हिशोब मामेभावांना?"

चहा झाला. जेवायला थांब म्हणाला नाही, वहिनी म्हणाली. थांबलो. निघताना दादा म्हणाला, माझ्यापाशी आलास ते ठीक आहे, पण मागितलं होतंस ३४ जणांपुढे. ते काय असं अंगणात मिटत नाही.

सांगायला लाज वाटते, मला परत राग आला. एवढं लांब येऊन, एवढं बोलून वर हे. सुप्यापर्यंत चडफडत होतो. मग वाटलं, बरोबर बोलतोय की.

वसईची_बाय (शनिवार, रात्री ११:४१)

मग टाकलं का ग्रुपवर??

भिंगारवाला (रविवार, सकाळी ७:१०)

रात्री साडेबाराला टाकलं. चार ओळी. हिशोबाचा फोटो टाकला नाही, फक्त एवढंच की दादाकडे सगळं लिहून ठेवलेलं होतं, मी न विचारता संशय घेतला, माझं चुकलं, सगळ्यांसमोर म्हणालो होतो म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतोय. आत्याचा लगेच फोन, रडत होती. दोन मामेभावांनी हात जोडलेत. एका चुलत्यानं गुड मॉर्निंगचा गुलाब टाकलाय त्याच्या खाली, त्यानं वाचलंच नसावं.

दादा अजून ग्रुपात नाही. ॲड करू का विचारलं तर वहिनी म्हणाली राहू दे, त्यांना ग्रुपचा तसाही कंटाळाच होता.

आज उपासनेला निघतोय. पुढच्या शनिवारी परत नगर, ताईला वाशीहून घेऊन. घराचं बोलायचंय तिघांनी. काळा कोट, ते २/९ वालं गणित जरा कागदावर मांडून मिळेल का? दादाला तोंडी पटणार नाही, त्याला वहीत लिहिलेलं लागतं.